डाव्या पंखाची चकती

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. अ‍ॅल्युमिनियमची, चहाच्या बशीएवढी. माझ्या मधोमध एक भोक आहे, कडेला एक लहानशी खाच आहे, त्या खाचेतून निघालेली केसाएवढी भेग आहे आणि भेगेच्या टोकाला एक पितळी टिचबटण बसवलेलं आहे. पत्र्याच्या चकतीला टिचबटण कशाला, असं तुम्हाला वाटेल. सगळ्यांनाच वाटतं. सांगते. पण त्याआधी मला हातात घ्या आणि गार लागते का बघा. लागली तर घाबरू नका आणि मला खालीही ठेवू नका. उगाच गूढ बोलायची मला हौस नाही, असं का ते पुढे कळेलच तुम्हाला.

मुळात मी चकती नव्हतेच. मी एका मोठ्या पत्र्याचा भाग होते. तो नवाकोरा पत्रा एका बाजूला पातळ प्लास्टिक चिकटवलेला, कागदात गुंडाळलेला, असा एक दिवस एका शिंप्याच्या दुकानात येऊन पडला. शिंप्याकडे पत्रा! रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. टेम्पोवाल्याने तर दोनदा विचारलं की पत्ता हाच ना. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, चुकून आलो आपण.

चुकून आलो नव्हतो. दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. शाळेचे आणि बसचालकांचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. काज, बटणं आणि टिचबटणं त्यांची बायको करायची. तिला सगळी गल्ली काकी म्हणायची, म्हणून मीही काकीच म्हणते. थोरली मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. धाकटी घरी होती, आणि तिच्या डोक्यात विमान शिरलं होतं. गावाबाहेरच्या मैदानावर ती विमान चालवायला शिकली. तिच्या नोकरीचा पगार सगळा तिकडे जायचा. पण दुसऱ्याचं विमान तासावर घेऊन उडवायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन स्वयंपाक करण्यासारखं, असं ती म्हणायची. तिला स्वतःचं हवं होतं. घरी बांधायच्या दोन माणसांच्या विमानाचे नकाशे मिळतात, ते तिने मागवले आणि बापाच्या कापड कापायच्या टेबलावर पसरले.

मास्तर चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग हसले. म्हणाले, हे तर बेतलेलंच आहे. कापायचं, दुमडायचं आणि जोडायचं. टाक्याच्या जागी रिव्हेट, एवढाच फरक.

काकीने कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी दुकानामागची कोठी तिनेच रिकामी केली.

तीन माणसांनी मिळून ते विमान बांधलं. धाकटी नकाशा वाचायची, मास्तर कापायचे. रिव्हेट ठोकताना पलीकडच्या बाजूने लोखंडी ठोकळा दाबून धरायला लागतो, ते काम काकीकडे आलं. हात जराही हलला तर रिव्हेट वाकडी बसते. काकीचा हात कधी हलला नाही. बाहेरून गिऱ्हाईक ओरडायचं, पँट झाली का, आणि आतून मास्तर ओरडायचे, पंख होऊ दे.

आता माझ्या जन्माची गोष्ट. पंखाच्या आत काही दांड्या असतात, त्या अधूनमधून तपासाव्या लागतात. त्यासाठी डाव्या पंखाच्या खालच्या पत्र्यात हात जाईल एवढं गोल भोक पाडायचं होतं. मास्तरांनी सवयीने खडू उचलला. धाकटीने तो काढून घेतला आणि मार्कर दिला. पत्र्यावर ओरखडा नको, पेन्सिल तर मुळीच नको, असं नकाशात बजावलं होतं. मास्तर पोरीचं ऐकायचे. मार्करने गोल आखला, पत्रा दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट आवळला, मधोमध भोक पाडलं आणि ड्रिल मशीनला आडव्या दांडीचा कटर लावला. दांडी हळूहळू गरगरते आणि तिच्या टोकाची पाती पत्र्यात उतरत जाते. सगळ्यांनी बोटं लांब ठेवली होती. जो आवाज झाला तो ऐकून काकी बाहेर जाऊन उभी राहिली.

मग मी सुटले आणि टेबलावर पडले. मला वाटलं, संपलं आपलं नातं. पत्रा आकाशात जाईल आणि आपण भंगाराच्या डब्यात. वाईट वाटलं, लपवत नाही.

इतक्यात मास्तरांनी पत्र्यातल्या भोकाच्या कडेला कानस लावली आणि शहारा मला आला.

मी दचकले. पत्रा टेबलाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. आमच्यात कात्री, मोजपट्टी आणि चहाचा कप. तरी कानस फिरली की माझी कड शिरशिरायची. त्यांनी पत्र्यावर फुंकर मारली की गारवा मला लागायचा. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आम्हाला कापलं होतं, पण वेगळं केलं नव्हतं. मी जिथे नाही तिथे त्या विमानाला भोक आहे. त्या भोकावर जे काही होईल ते माझ्यावर होणार होतं. तेव्हा मला याची गंमत वाटली.

कड घासण्यात मास्तरांचा हात कुणी धरला नसता. आधी कानस, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी हिरव्या रेशमाची एक चिंधी कडेवरून फिरवायची. कुठे बारीकशी धार राहिली असेल तर रेशमाचा धागा अडकतो. अडकला की पुन्हा घासायचं. डोळ्यांना जे दिसत नाही ते रेशमाला कळतं, असं ते धाकटीला सांगायचे. तासभर घासल्यावर चिंधी पूर्ण गोल फिरून आली आणि कुठे अडकली नाही.

इथवर सगळं छान झालं होतं. आणि मग मास्तरांच्या हातांनी ते केलं, जे ते आयुष्यभर करत आले होते.

शिंपी माणूस कापडाचा तुकडा वाया घालवत नाही. पुढेमागे रफू करायला लागला तर त्याच कापडाचा असावा म्हणून जपून ठेवतो. आणि कोणता तुकडा कुठून निघाला, कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला होता, हे कळावं म्हणून दोन्ही कडांना मिळून एक छोटीशी खाच मारतो. मास्तरांनी मला उचललं, पत्र्यातल्या माझ्या जागेवर परत ठेवलं, बरोबर दिशेने फिरवलं आणि तिकोनी कानशीने सांध्यावर एकच घाव घातला. अर्धी खाच माझ्यावर, अर्धी पत्र्यावर.

काकी तेव्हा चिंध्या गोळा करत होती. तिने सहज हिरवी चिंधी पत्र्याच्या कडेवरून पुन्हा फिरवली. ती अडकली. काकी म्हणाली, इथे धागा अडकतोय. मास्तर हसले आणि म्हणाले, अडकणारच, खूण आहे ती. काकीने चिंधी ओढून घेतली. एक हिरवा धागा तुटून खाचेत तसाच राहिला. धाकटी नेमकी बाहेर माप घ्यायला गेली होती, नाहीतर तिने बापाला तिथेच अडवलं असतं. कापडात खाच मारली तर कापड फार तर उसवतं. ताणलेल्या पत्र्यात खाच मारली की तिथून तो फाटायला सुरुवात होते. तासभर घासून जी धार त्यांनी घालवली, तीच एका घावात स्वतःच्या हाताने परत आणली होती.

भोकावर स्क्रूने झाकण बसलं. खूण त्याखाली गेली. पुढे तपासनीस आले, त्यांनी रिव्हेट न् रिव्हेट ठोकून पाहिली, मास्तरांचं कौतुक केलं. झाकणाखालची कड पाहायचं त्यांच्या मनात आलं नाही, आणि आपण काही दाखवायचं राहिलंय हे मास्तरांच्याही मनात आलं नाही. मला दोऱ्यात ओवून दुकानातल्या खिळ्यावर टांगलं, जिथे मापाचे कागदी नमुने टांगलेले असत. शेजारी कपडे घालून बघायचा आरसा होता.

पहिल्यांदा विमान उडालं तेव्हा मास्तर आणि धाकटी मैदानावर होते. काकी दुकान सोडून गेली नाही, म्हणाली मला नाही बघवणार. ती काज करत बसली होती. पंखा बंद होता, दार ओढलेलं होतं, आणि मी खिळ्यावर थरथरायला लागले. आधी घरघर अंगात शिरली, मग वारा, आणि मग असा गारठा की सांगायची सोय नाही. भर उन्हाळ्याची दुपार, काकीच्या कपाळावर घाम, आणि माझ्या अंगावरून पाण्याचे थेंब ओघळून खालच्या शर्टावर पडायला लागले. काकी उठली. तिने वर छताकडे पाहिलं, कुठे गळत नव्हतं. तिने मला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. मग पुन्हा लावला.

ती मला धरून उभी राहिली. कितीतरी वेळाने माझ्यातला गारवा ओसरला, थरथर थांबली, मी दुकानाइतकीच कोमट झाले. तेवढ्यात फोन आला. धाकटी उतरली होती, आनंदाने रडत होती. काकी म्हणाली, कळलं मला. आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत बसली.

त्या दिवसापासून आमचं जमलं. विमान वर गेलं की मी गार पडायचे आणि काकी मला खिळ्यावरून काढून मांडीवर घ्यायची. मी कोमट झाले की चहाचं आधण ठेवायची. धाकटी दारात येईपर्यंत चहा तयार असायचा. आईला कसं कळतं, याचं तिला नवल वाटायचं. काकी सांगायची, आईला कळतं. एवढ्यावर भागायचं. मला मात्र आतून फुशारकी वाटायची. आजवर कुठल्या चकतीला कुणी मांडीवर घेतलं आहे?

गिऱ्हाइकांना मात्र तो कोपरा आवडेनासा झाला. आरशासमोर उभं राहिलं की मानेवर गार वारा येतो म्हणायचे. एकदा एक लठ्ठ गृहस्थ नवी पँट अंगाला लावून बघत होते. आरशात त्यांची नजर माझ्या मधल्या भोकाकडे गेली. त्यातून मागची भिंत दिसायला हवी होती. त्यांना ढग दिसला, हलणारा. त्यांनी मागे वळून पाहिलं तर भिंत होती, पुन्हा आरशात पाहिलं तर ढग होता. ते अर्धवट शिवलेली पँट टाकून जे गेले ते परत आले नाहीत. मास्तर चिडले, म्हणाले विक्षिप्त माणूस. काकीने तो ढग रोज पाहिला होता.

आणि मग भेग आली.

पहिल्यांदा काकीला वाटलं, माझ्यावर केस चिकटला आहे. तिने नखाने काढून पाहिला, निघाला नाही. पदराने पुसला, गेला नाही. मला टेबलावर दिव्याखाली धरलं तेव्हा तिला दिसलं की तो केस खाचेतून निघतो. मला कुणी वाकवलं नव्हतं, पाडलं नव्हतं. मित्रांनो, खिळ्यावर नुसती टांगलेली चकती स्वतःहून फाटत नसते. फाटत होता तो पंख. प्रत्येक उड्डाणात खालचा पत्रा ताणला जायचा आणि भेग जरा पुढे सरकायची. पत्र्यावर ती भोकापासून लांब, पंखाच्या कण्याकडे, म्हणजे पंख पेलणाऱ्या मुख्य तुळईकडे चालली होती. माझ्यावर ती कडेपासून आत, मधल्या भोकाकडे येत होती. ती मधल्या भोकाला भिडली की तिकडे पंख मोडणार हे मला माहीत होतं. आणि मला तोंड नव्हतं. किती वेळा मनात आलं की खिळ्यावरून पडावं, आवाज करावा, काहीतरी करावं. चकतीला नुसतं लटकता येतं.

काकीने मास्तरांना भेग दाखवली. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, उरलेला तुकडा फाटला म्हणून अंगावरचा शर्ट फाटतो का?"

काकी म्हणाली, "मग शर्ट गारठला की तुकडा का गारठतो?"

मास्तरांनी मला परत खिळ्यावर अडकवलं. माझं गार पडणं त्यांनाही ठाऊक होतं. दोन-तीनदा त्यांनी मला हात लावलेला होता आणि पुन्हा कामाला लागले होते. काही गोष्टी माणूस विचारत नाही, कारण उत्तर आलं तर त्याचं करायचं काय हे त्याला कळत नाही. तरी बायकोच्या समाधानासाठी ते मैदानावर गेले. झाकण काढलं, आत टॉर्च मारून दांड्या पाहिल्या. सगळं ठीक होतं. भोकातून आत बघताना भोकाची कड कोण बघतं? घरी येऊन त्यांनी सांगितलं, काही नाही, नीट आहे. काकीने मान हलवली. पण रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

थोरलीला मुलगी झाल्याचा निरोप आला तो त्याच आठवड्यात. धाकटीने ठरवलं की आजोबांना नातीकडे विमानाने न्यायचं. इतक्या लांब ती आजवर गेली नव्हती आणि शेजारी वजनदार माणूस बसवूनही नव्हती. काकी नको म्हणाली. कारण विचारलं तर चकतीकडे बोट दाखवण्यापलीकडे तिच्याकडे काय होतं? धाकटी जवळ येऊन बसली, आईच्या गळ्यात हात टाकला आणि लाडाने म्हणाली, अगं, तूच तर ठोकळा धरलास, तुझ्यावरच विश्वास नाही का तुझा? काकी त्यावर हरली. त्या दोघांना निघताना तिने एवढंच सांगितलं की सावकाश जा. विमानात बसणाऱ्याला सावकाश जा म्हणणारी ती जगातली एकटीच असेल.

सकाळी दुकान उघडलं नाही. काकी मला टेबलावर ठेवून समोर बसली. टेबलावर टिचबटणांचा डबा, लाकडी ठोकळा, हातोडी आणि भोक पाडायचा पंच तसेच पडलेले होते. कुणाच्या तरी रेनकोटचं काम अर्धवट राहिलं होतं.

मी गार पडले. मग आणखी गार पडले. माझ्यावर दव आलं, दवाचा पांढरा थर झाला. काकीने मला अंगठ्याखाली घट्ट धरलं. आणि मग, मित्रांनो, तिच्या डोळ्यांसमोर भेग चालायला लागली.

इतकी हळू, की बघत असताना कळत नव्हतं आणि पापणी लवली की पुढे गेलेली असायची. पांढऱ्या थरावर ती काळी रेघ स्वच्छ दिसत होती. काकीने मैदानावर फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिथला माणूस बाहेर खुर्ची टाकून बसत असे. पुन्हा लावला. धाकटीचा फोन लागणार नव्हता, तरी तोही लावला. भेग अर्ध्यावर आली होती. मला वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता आणि त्या आवाजात धाकटी बापाशी काहीतरी हसून बोलत होती. मला वेड लागायची पाळी आली. ते हसणं काकीला ऐकू येत होतं की नाही, मला माहीत नाही. तिचे ओठ हलत होते.

मग तिचे ओठ हलायचे थांबले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी ओळखत होते. एखाद्या कोटाचं अस्तर खाचेतून फाटत चाललं की ती असाच चेहरा करायची. फाटलेल्या जागेचं तिला फारसं वाटत नसे. ती नेहमी फाटायचं टोक शोधायची. कापड जिथवर फाटलं आहे तिथे, अगदी टोकाला, बारीक गोल भोक पाडून त्याला काजासारखा टाका घातला की फाटणं तिथेच थांबतं, पुढे सरकत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या हाताला ठाऊक होतं.

तिने मला लाकडी ठोकळ्यावर ठेवलं. डावा अंगठा माझ्यावर तसाच दाबून ठेवला, कारण सोडला तर मी थरथरून सरकले असते. उजव्या हाताने पंच भेगेच्या टोकावर टेकवला. मग पंच दातांत धरता येणार नाही आणि हातोडी तिसऱ्या हाताने मारता येणार नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने डाव्याच हाताच्या दोन बोटांत पंच धरला, अंगठा माझ्यावरून उचलला नाही. भेग पंचाच्या टोकाखालून निसटायच्या आत तिने हातोडी मारली.

एकच ठोका. तो मला आरपार गेला.

त्यानंतर सगळं शांत झालं. थरथर होती, गारठा होता, पण चालणं थांबलं. भेग त्या गोल भोकापाशी आली आणि तिथेच राहिली. काकी बघत होती. तिने हातोडी खाली ठेवली नाही.

मी कोमट झाले तेव्हा दुपार कलली होती. तरी तिने मला सोडलं नाही.

दार वाजलं. मास्तर होते. नातीकडे पोचायच्या ऐवजी ते दोघे अर्ध्या वाटेवरून परत फिरले होते. मागून मला सगळं कळलं. वर असताना डाव्या पंखाखाली टण् असा आवाज झाला. खालून कुणी हातोडीचा एक ठोका मारावा तसा. खाली तर हवा होती. धाकटी लगेच मागे वळली आणि हळूहळू उतरली. मैदानावर मास्तरांनी झाकण काढलं. या वेळी त्यांनी आत बघितलं नाही, कडेवरून बोट फिरवलं. बोट खाचेत अडकलं. खाचेत एक हिरवा धागा होता. खाचेतून एक भेग निघाली होती, चांगली बोटभर, पंखाच्या कण्याच्या रिव्हेटींकडे रोख धरून. आणि भेगेच्या टोकाला एक गोल, नीटस भोक होतं, जे कुणीही पाडलेलं नव्हतं. धाकटी म्हणाली, बाबा, हे काय? मास्तरांच्या खिशात बटणं नेहमीच असत. त्यांनी एक टिचबटण काढून त्या भोकात घातलं. चपखल बसलं.

आता ते दारात उभे होते. टेबलावर ठोकळा, पंच, आणि बायकोच्या अंगठ्याखाली मी. त्यांनी मला पाहिलं, भोक पाहिलं. खिशातून दुसरं टिचबटण काढलं आणि माझ्यावरच्या भोकात ठेवून पाहिलं. तेही चपखल बसलं.

काकीने विचारलं, "पोरगी कुठे?"

"खाली उतरली. येतेय मागून. चहा ठेव."

"ठेवते. आधी माझा अंगठा सोडवा."

तिचा अंगठा गारठून माझ्यावर कडक झाला होता, तिला उचलता येत नव्हता. मास्तरांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळला, तोंडाने फुंकर घालून ऊब दिली. तेव्हा कुठे मी सुटले. मग मास्तर खुर्चीत बसले आणि तोंड झाकून रडले. खूण मीच केली होती, असं म्हणत राहिले. काकीने त्यांना पाणी दिलं. पुढे त्या अंगठ्याच्या टोकाला कधी सुई टोचलेली तिला कळली नाही. शिवताना बोटात घालायच्या टोपणाची गरज संपली, असं ती थट्टेने म्हणायची.

धाकटीने खाच घासून गुळगुळीत केली आणि भेगेवर जाड पत्र्याचं ठिगळ रिव्हेटींनी बसवलं. ठोकळा काकीनेच धरला. तपासनीस पुन्हा आले आणि म्हणाले, टोकाला वेळेवर भोक पाडलंत म्हणून वाचलात. कुणी पाडलं? काकीने अंगठा पदराखाली घेतला. माझी खाचही घासू का, असं धाकटीने विचारलं, तेव्हा काकी जवळजवळ ओरडलीच की तिला हात लावायचा नाही. मास्तरांनी फक्त ते टिचबटण माझ्यात कायमचं बसवून टाकलं.

पुढची कितीतरी वर्षं मी गार पडत राहिले आणि कोमट होत राहिले. मग मास्तर गेले. मग काकी आजारी पडली. बिछान्यावरही मी तिच्या उशाशी असायचे. धाकटी विमान घेऊन लांबच्या गावी नोकरीला गेली होती. तिला निरोप मिळाला आणि ती निघाली, तेव्हा काकीच्या हातात मी गार पडले. काकी हसली, म्हणाली निघाली बरं का. पण मी कोमट झाले ते तिला कळलं नाही.

त्या गडबडीत मी बटणांच्या डब्यात गेले. दुकान कुणी दुसऱ्याने घेतलं, डबा कुठल्या कुठे गेला. विमान वर गेलं की मी गार पडते, हे धाकटीला आईने कधी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. बहुधा नाही. आईला कळतं, एवढंच ती सांगायची.

परवा एका घरात एका मुलीने मला शोधून काढलं. माझ्या मधल्या भोकातून तिने दोरा ओवला आणि मला भिंगरीसारखं गरगरवलं. तिला मजा वाटत होती, लहान आहे ती. पण मला वाऱ्याचा आवाज आला, खूप मोठा, आणि त्यात एक ओळखीचा आवाज कुणाला तरी सांगत होता की घट्ट धर, घाबरू नकोस. दुसरा आवाज लहान मुलाचा होता. मी इतकी गार पडले की त्या मुलीच्या बोटाला चिकटले. तिने किंचाळून मला फेकलं. नशीब, मी कपड्यांच्या ढिगावर पडले. फरशीवर पडले असते तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

म्हणून मित्रांनो, विनवणी करते. पत्र्याला भोक पाडाल तेव्हा कड नीट घासा, त्यावर खूण करायची तर शाईने करा, आणि कापून काढलेला तुकडा तुटला असं समजून फेकू नका. मला वाकवू नका, ठोकू नका, विस्तवाजवळ नेऊ नका, दोऱ्यात ओवून फिरवू तर मुळीच नका. धाकटी आता म्हातारी होत आली आहे, पण ती अजून उडते. आणि आता तिच्या शेजारी कुणीतरी लहान बसतं.

तुमच्या हातात मी अजून गार आहे ना? मग ते दोघे वर आहेत. अंगठा असा माझ्यावर ठेवा, काकी ठेवायची तसा. मी कोमट होईपर्यंत धरून बसा. मग खुशाल खेळायला जा.